बाळासो परवा येणार

मोनाला रांगोळी चांगली यायची, तिथंच सगळं गंडलं.

मेकॅनिकलचा डिप्लोमा फर्स्ट क्लासनं केलेली पोर. हायवेच्या कडेला एवढी मोठी कंपनी, तिथं अप्रेंटिस म्हणून लागली तेव्हा तिला वाटलं होतं, आता काय, नुसती मशीनंच मशीनं. पण कंपनीला तिच्यात काय दिसलं? अक्षर चांगलं, मग सेफ्टीचे बोर्ड तिनं रंगवायचे. बोलणं गोड, मग मोठे साहेब आले की गुच्छ तिनं द्यायचे. कुणाचा वाढदिवस असला की केक आणायला मोना. आणि तिच्याच बरोबर लागलेला राजवर्धन, ज्याला कॉलेजात धड माप घ्यायला जमत नव्हतं, तो दुसऱ्या आठवड्यात मशीनवर उभा! आता सांगा, डोकं फिरंल का नाही माणसाचं?

ती विचारत नव्हती असं नाही. "सर, मला मशीनवर घ्या की," म्हणून लाइनच्या सुपरवायझरांच्या, विजयसिंह सरांच्या मागं लागायची. सर माणूस वाईट नव्हते. ओरडायचे नाहीत, टाकून बोलायचे नाहीत. हसायचे आणि म्हणायचे, "बघू की. तेवढं उद्याच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन कर आधी." मोना मनातल्या मनात चरफडायची आणि जाऊन प्रेझेंटेशन करायची.

त्यातल्या त्यात जुने ऑपरेटर आकाराम मामा भले. जेवणाच्या सुट्टीत ते तिला मशीनपाशी उभं करायचे. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा कच्चा तुकडा, आत कसं बसवायचं, त्याला धरणारा क्लॅम्प किती आवळायचा, कापायचं टूल झिजलं की आवाज कसा बदलतो, सगळं दाखवायचे. फक्त चालवायला देता येत नव्हतं, कारण सरांची परवानगी नव्हती. आणि अप्रेंटिसशिप संपायला उरला होता एक महिना. एकट्यानं मशीन चालवून दाखवतील त्यांनाच कंपनी पुढं ठेवून घेणार होती. बाकीच्यांना सर्टिफिकेट आणि नारळ.

घरी वेगळाच घोळ. मोनाचे वडील बाळासो यांचं गडमुडशिंगीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. एकदा त्यांनी जेवताना विचारलं, "मशीन चालवतीस न्हवं?" मोना दमून आलेली, दिवसभर फुगे फुगवून गाल दुखत होते. ती म्हणाली, "व्हय." झालं! दुकानात येईल त्याला बाळासो सांगायला लागले, की माझी लेक खोलीएवढं मशीन एकटी चालवती.

खंडेनवमीला कंपनीत पूजा असते. मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवतात आणि घरच्या माणसांना बघायला बोलावतात. मोना पहाटेपासून रांगोळीत होती. बाळासो इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी मशीनवरून हात फिरवला.

"हेच व्हय तुझं?"

"व्हय, पप्पा."

"मग दाखव की चालवून!"

मोना उगाच मशीनवरची माळ सारखी करायला लागली. तेवढ्यात विजयसिंह सर पुढं झाले. "पावणं, आज खंडेनवमी. आज मशीन चालवत न्हाईत."

मोनाच्या जिवात जीव आला. आणि लगेच स्वतःचाच असा राग आला म्हणता! वर्षभर इथं घासलं, आणि मशीन बंद आहे म्हणून मला बरं वाटतंय?

"बरं, मग परवा येतो," बाळासो म्हणाले.

"या की, या! आपलीच कंपनी हाय," सर म्हणाले. दुसरा कुणी असता तर आपलं म्हणायचं म्हणून म्हणाले, असं समजून घरी बसला असता. पण बाळासोंच्या दुकानात परवा म्हटलं की परवाच मोटार मिळते. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "रांगोळी लई झ्याक हाय. कुणी काढली?"

"मोनानंच! अख्ख्या कंपनीत असा हात न्हाय बघा कुणाचा."

बाळासोंनी रांगोळी बघितली, मग लेकीची रंगानं भरलेली बोटं बघितली. प्रसाद घेतला आणि निघाले. दसऱ्याला सोनं देताना म्हणाले, "उद्या धा वाजता येतो मी."

दुसऱ्या दिवशी मोना थेट सरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "सर, आज पप्पा येणार हाईत. मशीन बघायला."

"इथं? अगं, ते आपलं मी बोलायचं म्हणून बोललो."

"मी पण घरात तसंच बोललोय सर, मशीन चालवतो म्हणून. आता ते आल्यावर काय दाखवू त्यास्नी? केक?"

तिचा आवाज चढला तशी आसपासची माणसं थांबून बघायला लागली. "वरीस झालं सर! रांगोळी काढायला डिप्लोमा केला न्हाय मी." तिचे डोळे भरून आले, आणि आत्ताच कशाला भरायचे होते म्हणून ती आणखीनच चिडली.

सरांनी इकडंतिकडं बघितलं. "बरं, बरं, ओरडू नको. आकाराम, दोन पीस काढू दे हिला."

"ये गं बाई," म्हणत आकाराम मामा बाजूला झाले.

मोनानं कास्टिंग बसवलं, क्लॅम्प आवळला, पुन्हा एकदा आवळून बघितला, दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं. पहिला पीस निघाला. मामांनी माप घेतलं आणि नुसती मान हलवली. तिनं दुसरा बसवून चालू केला तोच सरांचा फोन वाजला.

"मोना, वडील आलेत तुझे गेटवर. जा, घेऊन ये. आणि येताना कँटीनमध्ये चहाचं पण सांग."

वर्षभर असलं काही ऐकलं की ती हातातलं टाकून पळत होती. आत्ताही पाय वळलाच होता. पण तो तिनं जागेवर आणला.

"मशीन चालू हाय सर. सोडून येता येत न्हाय."

"आकाराम हाय की!"

आकाराम मामा केव्हाच लांब जाऊन पाणी पीत उभे होते. त्यांचं पाणी काही संपेना.

"तुम्हीच जावा की सर," मोना मशीनच्या दाराच्या काचेवरची नजर न काढता म्हणाली. "आणि चहाचं पण सांगा."

सर खिशात फोन टाकून गेटकडं चालायला लागले. आत टूल एकसारखं चाललं होतं. बाळासो सरांबरोबर आत आले तेव्हा मोनानं तिसरं कास्टिंग बसवायला घेतलं होतं. दोनच काढायचे होते, पण थांब म्हणायला कुणी पुढं आलं नाही.