वॉरनच्या वाघाची शेपूट

टास्मानियात वाघ, म्हणजे आमचं ते पाठीवर पट्टे असलेलं कुत्र्यासारखं जनावर, दिसणं ही काही मोठी गोष्ट नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर तो आहे, बिअरच्या बाटलीवर आहे, आणि प्रत्येकाच्या एका तरी काकाला ऐन गरजेच्या वेळी, म्हणजे घरी पोचायला उशीर झाल्यावर, तो रस्त्यात आडवा आलेला आहे. शेवटचा वाघ होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात कधीच मेला, हे शाळकरी पोरंही सांगतील. पण मेल्यावर इतकं भटकणारं जनावर आमच्याच बेटावर असायचं.

नोलीनच्या नवऱ्याला, वॉरनला, तो तीसेक वर्षांपूर्वी दिसला. पाठीवर पट्टे, लांबुडकं तोंड, सगळं जागच्या जागी. पबमध्ये त्याने ते सांगितलं तेव्हा पबचा मालक केल्विन याने सहज विचारलं, "शेपूट हलवत होता का रे?" वॉरन भाबडेपणाने म्हणाला, "हो, हलवत होता की." घोडं पेंड खातं ते इथे. वाघाची शेपूट बुडाशी जाड, कांगारूसारखी ताठ. ती हलायची नाही. शेपूट हलवतो तो कुत्रा.

तेव्हापासून पबात रिवाजच पडला. कुणी वाघ पाहिला म्हणालं, की त्याने ग्लास खाली ठेवून उभं राहायचं आणि शेपटीचं उत्तर द्यायचं. चुकला तर त्याच्या ताटाशेजारी कुत्र्याचं बिस्कीट. वॉरनला ते दर शुक्रवारी मिळायचं, कारण तो दर शुक्रवारी तेच उत्तर द्यायचा. एकदा "ताठ होती" म्हणाला असता तर सुटला असता. पण पडला तरी नाक वर. आणि या सगळ्यात मोठ्याने हसायचं कोण, तर त्याची बायको.

अशा नोलीनला एका मंगळवारी सकाळी खरोखरच वाघ दिसला.

ती टपालाची गाडी घेऊन मागच्या रस्त्याने चालली होती. वळणावर गाडीखाली आलेली, छोट्या कांगारूसारखी वॉलबी पडली होती, आमच्या रस्त्यांवर ती पडलेलीच असते, आणि तिच्यावर एक जनावर वाकलं होतं. त्याने मान वर करून जांभई दिली. जबडा उघडला तो उघडतच गेला. पाठीपासून बुडापर्यंत पट्टे, आणि मागे शेपूट, कुदळीच्या दांड्यासारखी ताठ. मग ते सावकाश झाडीत शिरलं. फोन मांडीवर होता, पण तो आठवेपर्यंत सगळं संपलं होतं. नोलीन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. आनंदाने रडली, आणि नंतर जरा भीतीनेही. कारण तिचा वाघ खरा असेल तर वॉरनचा कुत्रा होता.

वॉरन घरी बटाटे सोलत होता. "मला तुझा वाघ दिसला," ती म्हणाली.

तो सोलतच राहिला. "शुक्रवारी सांग," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी तिने सांगितलं. केल्विनने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"तूसुद्धा, नोलीन? म्हणजे हा रोग लागणीचा आहे. ग्लास ठेव, बाई. पट्टे?"

"होते."

"जबडा?"

"तुझ्यापेक्षा मोठा. चालत मात्र कमी होता."

पब हसला. केल्विनही हसला, आणि मग म्हणाला, "आता शेपूट."

नोलीनने वॉरनकडे पाहिलं. तो मान खाली घालून बटाट्याच्या तुकड्याने ताट पुसत होता. खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. ते देणारी ती त्या पबातली पहिलीच ठरली असती, आणि वॉरनवर कुत्र्याचा शिक्का मारणारी शेवटची. तीस वर्षं आपण या माणसाला हसलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

"हलवत होता," ती म्हणाली. "चांगला गोंडा घोळत होता."

नंतरचा गोंधळ काय सांगायचा. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोन बिस्किटं आली.

परतताना गाडी वॉरन चालवत होता. पब मागे पडल्यावर तो म्हणाला, "म्हातारे, तो कुत्रा होता."

"कुठला?"

"दोन्ही. माझा तर मला पुढच्याच आठवड्यात पुन्हा दिसला. मेंढ्यांमागे धावत होता, गळ्यात पट्टा घालून."

"आणि तू इतकी वर्षं—"

"पबात बोललेलं कुणी मागे घेतं का? आणि बिस्कीट काही वाईट नसतं."

नोलीन त्याच्याकडे वळली. "वॉरन, माझा खरा होता. शेपूट ताठ होती. तुझी लाज राखायला खोटं बोलले मी."

वॉरन इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होतं असं. पहिल्या वर्षी मलाही आठवायला लागलं होतं, की ताठच होती म्हणून. पण तू माझ्या बाजूने उभी राहिलीस, हे मी विसरणार नाही हो."

हे तो इतक्या मायेने म्हणाला, की नोलीनला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"ताठ होती," ती म्हणाली.

"हो, हो," वॉरन म्हणाला. तीस वर्षं ती त्याला ज्या आवाजात म्हणत आली होती, अगदी त्याच आवाजात.