गुडघ्यातले रक्त आणि महाराजांचे चूर्ण

सभागृहात पाय ठेवावयास जागा नव्हती. व्यासपीठावर महाराजांनी माझ्या धाकट्या भावाच्या बोटास सुई टोचली, थेंबावर चूर्णाची चिमूट दाबली आणि ते गरजले, "रक्ता, थांब!" रक्त थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही हात जोडले गेले. कारण मी थकलो होतो.

भाऊ घड्याळे दुरुस्त करतो. त्याला जन्मतः हिमोफिलिया आहे. रक्त गोठविणारा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, म्हणून तो इंजेक्शनाने द्यावा लागतो. अलीकडे मात्र इंजेक्शन घेऊनही गुडघा सुजून टम्म होई.

"औषध उलटलंय!" महाराज म्हणाले. "आजपासून सुया बंद. उद्या गुडघ्याला चीर देऊन दूषित रक्त काढू. चूर्ण आहेच."

"दादा, होऊन जाऊ दे एकदाचं," भाऊ पुटपुटला. "कंटाळलो रे."

तोच भावजय उठली. "अहो, दुकानात पेचकस बोटात घुसतो, तेव्हा कोणते महाराज धावून येतात?"

भाऊ ओशाळला. "दाबून धरतो. थांबतं."

"मग आणा दुसरं बोट. चूर्णाविना."

"ताई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराज म्हणाले.

"परीक्षा कसली? नुसतं बोट आहे." तिने स्वतः सुई टोचली, कापूस दाबून धरला. काही वेळाने उचलला, तो रक्त थांबलेले! या खेपेस कोणी टाळी वाजविली नाही.

"हे तर मलाही जमेल!" मागून कोणी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले व कपाळावर हात मारला. "बारीक टोचणी यालाही थांबते. खरं रक्त वाहतं ते आत, सांध्यात. चीर दिली असती तर भाऊ हातचा गेला असता."

"मग औषध का लागू पडेना?" मी विचारले. "शाप..."

"शाप नाही हो. शरीराच्या पहारेकऱ्यांना बाहेरून दिलेला घटक परका वाटला. त्यांनी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. औषध आत शिरताच निकामी. चोर सोडून संन्याशाला फाशी! काही रुग्णांत होतं असं. आता दुसऱ्या वाटेनं रक्त गोठवणारं औषध देऊ. आधीच यायचं होतं."

सूज ओसरली, गुडघा मात्र पुरता वाकत नाही. सभागृह अजूनही भरते.

शरीराच्या पहारेकऱ्यांनी मित्रास चोर मानले. त्यांना बिचाऱ्यांना डोळे नाहीत. आम्ही डोळस असून चोरास मित्र मानले. वाचकहो, हात जोडण्यापूर्वी एवढेच विचारा: चूर्ण नसते, तर काय झाले असते?