बुच्याची टोपली

मी टोपली बोलतेय. भाजीची नव्हे, शेणाचीही नव्हे. आजवर माझ्यात गोवऱ्या भरल्या होत्या हे खरं, पण तो माझा जन्माचा धंदा नाही. मी शालिकरामच्या सायकलीवरची, कुत्रा बसवायची टोपली. हसा, खुशाल हसा! अख्ख्या नागपुरात तशी दुसरी नसेल, आणि मला त्याचा माजही होता, हे आधीच सांगून टाकते.

महादेवराव बुरडाच्या अंगणात माझा जन्म झाला. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष लोटलं होतं. एका सकाळी शालिकराम तिथं आला, गुडघा सोललेला, कोपराला फडकं बांधलेलं. मागून लंगडत एक तांबूस कुत्रा आला. त्याचा एक कान अर्धा तुटका, म्हणून त्याचं नाव बुच्या.

“टोपली पाहिजे, भाऊ. हा बसन अशी,” शालिकराम म्हणाला.

महादेवरावांनी कोयता खाली ठेवला. “काहून गा, कुत्रा हाय का जवाई हाय तुहा?”

“हसू नका. सायकलीले दोरीनं बांधून पळवत होतो याले. लोखंडी पुलाखाली दोरी चाकात गेली. हा इकडं, मी तिकडं, अन् मागून ट्रक. वाचलो दोघंबी, पण आता याले पळवत नाही मी.”

गोष्ट अशी होती. शालिकरामचं घर धरमपेठेच्या मागच्या चाळीत, आणि काम लकडगंजात, आरा मशीनवर सागाच्या फळ्या कापायचं. मधे सगळं शहर. बुच्याला घरी बांधावं तर दिवसभर रडून चाळ डोक्यावर घेई, सोडावं तर सायकलीमागं धावत येई. शेवटी पर्याय काय? मी.

महादेवरावांनी हसत हसतच विणली, पण विणली मन लावून. बूड रुंद, पुढची कड उंच, कामट्यांची टोकं सगळी बाहेरून दुमडलेली, आत काही टोचायला नको. शालिकरामनं कॅरियरवर आधी सागाची फळी ठोकली, तिच्यावर मला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलं. चाकाच्या बाजूला पत्रा लावला, शेपूट नाहीतर पाय आऱ्यांत जायला नको म्हणून. आत गोणपाट. आणि गळ्यात दोरी मुळीच नाही! कुत्र्यानं उडी मारली तर गळ्यातली दोरी फास होते. त्यानं खाटेच्या नवारीचा पट्टा केला, छातीवरून घेऊन पुढच्या पायांमागून फिरवलेला, आणि तो माझ्या बुडाशी आखूड बांधला. बसता यावं, वळता यावं, पण बाहेर उडी घेता येऊ नये, एवढाच.

तुम्हाला वाटेल, मग काय, बसवलं नि निघाले. छे! बुच्या मला पाहून चुलीमागं जाऊन लपला. शालिकरामनं घाई केली नाही, हे त्याचं मी आजही मानते. मला आधी जमिनीवर ठेवलं आणि पोळीचा तुकडा आत टाकला. बुच्यानं मान लांब करून तुकडा उचलला आणि धूम ठोकली. होता होता तो माझ्यात बसून खायला लागला, आणि मग माझ्यातच झोपायला लागला. त्यानंतर मला सायकलीवर चढवलं, सायकल स्टँडवर. मग नुसती हातानं ढकलत अंगणातून फेरी. स्वार होऊन निघाला तो त्यानंतर.

शब्द तीन शिकवले. “बस” म्हटलं की बसायचं. “उतर” म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. आणि सगळ्यांत आधी शिकवलेला, सगळ्यांत महत्त्वाचा, “ठैर”. चालत्या सायकलीमागं धावायचं नाही, आहे तिथं उभं राहायचं, सायकल परत येते. लोखंडी पुलाची दहशत बसली होती ना! शालिकरामची पोरगी तारा, तेव्हा दुसरीत होती, ती बुच्याशेजारी बसे. बाप सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत जाई, वळून परत येई, आणि न हललेल्या बुच्याला पोळी मिळे. “पाह्य बाबा, हलला नाही!” असं ओरडून ती टाळ्या वाजवी.

मग आमची स्वारी निघू लागली. सीताबर्डीवर पानठेलेवाले ओरडत, “ओ साहब, ड्रायव्हर अच्छा रखा है!” बुच्या ढुंकूनही पाहत नसे. उन्हाळ्यात शालिकराम ऊन चढायच्या आत निघे, गोणपाट ओलं करून घाली, कॉटन मार्केटजवळच्या नळावर थांबून आधी कुत्र्याला पाणी देई, मग स्वतः पिई. उतार लागला की आधीपासूनच ब्रेक हलका धरी. माणूस कसा आहे ते ओळखायचं तर त्याच्या मागं बसून उतारावर जावं, असं माझं मत झालं होतं. शालिकरामच्या मागं बसावं आणि डोळे मिटावे, इतका तो भरवशाचा. मी तर बुच्याला सांगायचे, बाळा, माझ्यात आहेस तोवर तुझ्या केसालाही धक्का नाही. अशी बरीच वर्षं गेली. जळलं मेलं माझं बोलणं!

त्या पावसाळ्यात ताराला खोकला लागला. साधा नाही, धाप लागून ओठ निळे पडायचे. दवाखाना झाला, काढे झाले. शालिकरामची बायको इंदूबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राही. अशात पोळ्याला शालिकरामची मोठी बहीण यमुताई उमरेडहून आली. बाई मनानं वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगी खोकली की कुत्रा भुंकतो, एवढंच तिनं पाहिलं.

“शालिक, पीडा दारातच बसली हाय तुह्या, अन् तू बाहेर औषध शोधून राहिला,” ती म्हणाली. “कुत्रं रडते पोरीकडे पाहून. दिसत नाही का तुले?”

“ते काळजीनं रडते, ताई.”

“कुत्र्याले कसली आली काळजी! उद्या मारबत हाय. सारी दुनिया रोगराई गावाबाहेर नेऊन टाकते. मेढ्यासंगं त्यालेबी ने. दूर सोड, परतून येणार नाही असा. पोरीपेक्षा कुत्रं मोठं हाय का तुले?”

नागपूरच्या माणसाला हे समजवायला नको. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या खोवतात, तेच मेढे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते उपटून शिवेबाहेर फेकायचे आणि ओरडायचं, “खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!” पोरं ओरडतात, म्हातारे ओरडतात, मजा असते. त्या मजेत कधी कुणी जिवंत जीव घालत नाही. पण शालिकरामच्या डोळ्यांसमोर पोरीचे निळे ओठ होते. शेवटचा शब्द कानात रुतला तो रुतलाच.

सकाळी त्यानं ताराला सांगितलं, “बुच्याले पारशिवनीले बळीरामकाकाच्या वावरात ठेवून राहिलो. राखणीले. तिथं दूध हाय, मोकळं रान हाय. तुही तब्येत सुधारली का आणू त्याले.”

“खरंच ना बाबा?”

“खरंच.”

इंदूबाईनं हळूच विचारलं, “बळीरामजीच्या घरीच ना?” त्यानं मान हलवली. बळीराम आरा मशीनवरचा त्याचा जुना सोबती, म्हणून तिनंही मानलं. मीही मानलं हो! मला काय ठाऊक? तारानं खोकत खोकत बुच्याच्या अंगावरून हात फिरवला आणि त्याच्यासाठी पुरणपोळी बांधून दिली. ती पुडी आणि पळसाचा एक मेढा शालिकरामनं माझ्या कडेला खोवला.

आता ऐका, त्या दिवशी तो कसा वागला. पट्टा दोनदा तपासला. ट्यूबच्या पट्ट्या ओढून पाहिल्या. कामठी रोडला ट्रक आला की सायकल पार कडेला घेई. कन्हानचा पूल ओलांडल्यावर झाडाखाली थांबला, बुच्याला पाणी पाजलं, पंज्यांचा चिखल पुसला. इतक्या मायेनं कुणी कुणाला टाकायला नेतं का? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बुच्या तर खुशीत होता. एवढी लांब सफर त्याला कधी घडली नव्हती.

पारशिवनी आली. बळीरामच्या गावाचा फाटा आला. सायकल वळली नाही. सरळ गेली, वस्ती संपली, वावरं विरळ झाली, सागाचं रान सुरू झालं. तिथं एका नाल्याशी ती थांबली. शालिकरामनं पट्टा सोडला.

“उतर, बुच्या.”

तो उतरला. त्यानं अंग झाडलं, शेपूट हलवली. शालिकरामनं पुरणपोळी सोडून त्याच्यापुढं ठेवली, मेढा नाल्यात फेकला, आणि पुटपुटला, “खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत.” मग तो सायकलीवर बसला.

बुच्यानं तोंड वर केलं. आणि तेव्हा तो शालिकराम, आमचा उतारावर ब्रेक धरणारा शालिकराम, काय म्हणाला असेल?

“ठैर!”

अरे देवा! कुत्रा धावला असता, मागं लागला असता, तर कदाचित याचं काळीज फिरलं असतं. पण तो शिकलेला. चालत्या सायकलीमागं धावायचं नाही, सायकल परत येते. तो पोळी तशीच टाकून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, शाबासकीची वाट पाहत. माझं तोंड आकाशाकडं, पण मागची कड सखल, म्हणून मला तो दिसत राहिला. वळणापर्यंत दिसला. हलला नाही.

परत येताना मी रिकामी आदळत होते. शालिकराम रडत होता. रड, म्हटलं, रड लेका!

घरी यमुताईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी समाधानानं उमरेडला गेली. खोकला मात्र कुठंही गेला नाही. पोरगी खोकतच होती, वर “बुच्यानं दूध पिलं का हो बाबा?” म्हणून रोज विचारत होती. “पिलं,” तो सांगे, आणि ताट बाजूला सारे.

गणपती बसले, उठले. नवरात्राच्या तोंडाशी एका दुपारी दारात काहीतरी धपकन पडलं. बुच्या! बरगड्या मोजाव्या अशा, गोचिडांनी भरलेला, एक पंजा सुजलेला. एवढं रान, एवढे पूल, एवढा ट्रकांचा रस्ता तो एकटा कसा आला, त्याचं त्याला ठाऊक. तारा किंचाळली. शालिकराम दारातच खाली बसला. बुच्या सरपटत त्याच्यापाशी गेला आणि त्याचा हात चाटायला लागला. ज्या हातानं पोळी ठेवून टाकून दिलं, तोच हात!

मला वाटलं, चला, माफी झाली. आता आपल्यालाही मिळेल.

तो हिंडूफिरू लागल्यावर शालिकरामनं मला खाली उतरवलं, झाडलं, नवं गोणपाट घातलं, पोळीचा तुकडा टाकला. “बस, बुच्या.” बुच्या आला. त्यानं मला हुंगलं. अंगावरचे केस उभे राहिले, दात दिसले, आणि तो माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! मग मागं मागं सरत भिंतीला जाऊन टेकला आणि तिथंच मुतला बिचारा. ज्याच्यासाठी मी विणली गेले, जो माझ्यात झोपायचा, त्यानं मला वैरीण ठरवलं. धन्याला माफ केलं, मला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बरं, त्याचं मुक्या जनावराचं गणित. पण माणसाचं काय? तारानं विचारलं, “बाबा, काहून घाबरते हा टोपलीले? बळीरामकाकाकडून काहून पळून आला?”

शालिकराम क्षणभर माझ्याकडं पाहत राहिला. मी म्हटलं, आता बोल. एकदा खरं बोल, पोरगी रडेल, रागावेल, पण माफ करेल. तिचा जीव तुझ्यावर आहे.

“टोपलीतच काही दोष असन, बाई,” तो म्हणाला. “काढूनच टाकतो.”

झालं. महादेवरावांनी टोकं बाहेर दुमडून विणलेली मी, दोषी. तेव्हापासून मी मागच्या अंगणात बंबाशेजारी आहे, गोवऱ्या भरून. ताराचा खोकला थंडी पडल्यावर आपल्या पायांनी गेला. बुच्या आता घरीच असतो. सकाळी सायकल निघाली की फाटकाशी उभा राहतो, कोणी “ठैर” म्हणायची गरज नाही. माझ्याजवळून जायचं असलं तर लांबून वळसा घालतो.

माझ्या कामट्या आता सुटल्या आहेत. आज इंदूबाई म्हणाली, उद्याला लाकूड नाही, ही जुनी टोपलीच घाला बंबात. संध्याकाळी शालिकराम आला. गोवऱ्या काढल्या, बुडाशी अडकलेला नवारीचा पट्टा सोडून घेतला, इकडंतिकडं पाहिलं, आणि माझ्या कडेवर हात ठेवून हळूच म्हणाला,

“कोणाले सांगू नको वं.”

बाबांनो, कुत्र्याला सायकलीवर जरूर न्या. पट्टा छातीला बांधा, गोणपाट ओलं करा, उन्हाआधी निघा. पण बसवून न्याल त्याला बसवूनच परत आणा. ते होणार नसेल तर बुरडाच्या दारात जाऊ नका. बुच्या कुणाला सांगणार नाही, त्याचं मन मोठं. माझं नाही. आयुष्यभर शालिकरामचं सगळं ऐकलं, हे एक ऐकत नाही. ती तारा कधी भेटली, तर तिला सांगा, टोपलीत दोष नव्हता.