घर बघायला आलेली माणसं

खैरुन्निसाच्या नवऱ्याचं, लियाकतचं, आखातात, रास अल खोरमध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. आयुष्याच्या शेवटी ते विकून त्याने इंटरनॅशनल सिटीत तळमजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि बायकोच्या नावावर केला. पुढे दोनच वर्षांनी तो गेला. खैरुन्निसा मुलाकडे, अल कुसैसला राहायला आली. हम्माद चांगला मुलगा होता, सूनही समजूतदार होती. पण त्या फ्लॅटचं भाडं येत होतं म्हणून कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भाडेकरू आणणं, करार करणं, चेक बँकेत भरणं, सगळं हम्मादच पाहायचा. सहा वर्षांत खैरुन्निसाने त्या फ्लॅटमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं.

यंदा फ्लॅट दीड महिना रिकामा पडला. अशात एका दुपारी मोहिद्दीनचा फोन आला. तो लियाकतच्या वेळेपासूनचा दलाल, मूळचा त्यांच्याच मुरूडचा.

"भाभी, हम्माद नको म्हणाला म्हणून तुम्हाला विचारतोय. घर तुमच्या नावावर आहे ना."

"असं कोण आहे, ज्याला हम्माद नको म्हणतो?"

"रत्नागिरीकडचं कुटुंब आहे. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, नोकरी सुटली. बायको एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे. वर्षभराचं भाडं एक धर्मादाय संस्था भरणार. चेक त्यांचेच. पण 'मदतीवाले' म्हटलं की कुणी घर द्यायला तयार होत नाही."

रात्री जेवताना तिने विषय काढला. हम्माद काही वाईट बोलला नाही, त्याने फक्त हिशेबाची गोष्ट सांगितली.

"अम्मी, वर्ष संपलं की संस्था हात वर करणार. मग मी आजारी माणसाला घराबाहेर काढायचं? मला जमणार आहे का ते? आणि मागे एकदा काय झालं ते विसरलात?"

ती विसरली नव्हती. मशिदीतल्या ओळखीवर, 'गरजू आहे' म्हणून एकाला फ्लॅट दिला होता. त्याने मध्ये प्लायवूड ठोकून आठ माणसं भरली. दंड खैरुन्निसाच्या नावावर आला होता.

"माणसं बघते," ती म्हणाली. "बघून मग नाही म्हणते."

ती माणसं कुसैसमध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती. एका फ्लॅटमधली एक खोली, मध्ये पडदा, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. दार उघडलं ते कुंदाने. चाळिशीची बाई, क्लिनिकचा युनिफॉर्म अजून अंगावरच. पलंगावर तिचा नवरा विलास बसला होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, काठी चाचपली. खैरुन्निसा घाईने म्हणाली, "बसा, बसा भाऊ." त्यांची नऊ वर्षांची सान्वी जमिनीवर वही पसरून बसली होती. कोणत्या शाळेत आहेस, या प्रश्नावर ती मान वर न करता म्हणाली, "स्कूल इज ओके, बट द बस टेक्स फॉरएव्हर."

चहा आला. खैरुन्निसाने मनात धरून आणलेला प्रश्न विचारूनच टाकला. "राग मानू नकोस पोरी. पण एवढं सगळं झालं, तर गावी का जात नाही तुम्ही?"

कुंदाला हा प्रश्न नवा नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"चाची, गावी गेलो तर माझा पगार जाईल. माझ्या पगारावर ह्यांची फिजिओथेरपी चाललीय, हिची फी चाललीय. भाडं तेवढं झेपत नाही, वर्षभर तरी. आणि खरी अडचण भाड्याची नाहीच. ह्यांचा व्हिसा कंपनीचा होता, तो रद्द झाला. आता मी स्पॉन्सर करू शकते, पण त्याला माझ्या नावाची एजारी लागते. भाडेकराराची ती सरकारी नोंद. अशा खोलीची ती होत नाही. ह्यांची इथे राहायची मुदत संपायला सव्वीस दिवस उरलेत."

विलासचे शब्द जरा जड यायचे. "एकवीस वर्षं मार्केटच्या कोल्ड स्टोअरला स्टोअरकीपर होतो," तो म्हणाला. "कुणाचं काही बुडवलं नाही."

"तसं मी म्हटलं नाही, भाऊ."

"लोक म्हणत नाहीत," विलास म्हणाला. "फोन उचलायचं बंद करतात."

घरी येताना खैरुन्निसाचं मन अर्धं वळलं होतं. मोहिद्दीनने मग आणखी एक गोष्ट सांगितली. संस्था चेक देण्याआधी घर तपासते. शनिवारी त्यांची बाई येणार, मालकाने हजर राहायचं. खैरुन्निसाला जरा हसूच आलं. घर आपलं आणि तपासणीही आपलीच?

शनिवारी हम्माद तिला गाडीने घेऊन गेला. संस्थेची बाई आधीच येऊन थांबली होती. तिचं नाव एमान. तिशीची, अंगावर पायघोळ काळा अबाया, हातात टॅब. ती सफाईदार हिंदी बोलत होती. कुंदा आणि विलासही आले होते, पण दाराबाहेरच उभे राहिले, आपली पाळी अजून यायची आहे असे.

एमानने दिवे लावले, नळ सोडले, खिडक्या उघडून पाहिल्या. मग बेडरूममधलं कपाट तिने हम्मादला जरा ओढायला सांगितलं. कपाटामागची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. बुरशी. एसीचं पाणी आतल्या आत झिरपत होतं.

"ये कब से है, अम्मा?"

खैरुन्निसाने हम्मादकडे पाहिलं. हम्माद घसा खाकरून म्हणाला, "आधीच्या टेनंटने एक-दोनदा मेसेज केला होता. मी म्हटलं, छोटं मेंटेनन्स टेनंटचं असतं."

"त्या टेनंटचं लहान बाळ होतं ना?" खैरुन्निसाने विचारलं.

"हो."

खैरुन्निसाला आठवलं, की त्या बाईने ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता, आणि आपण तो रिकामा परत पाठवला नव्हता. एवढ्यावर आपण चांगले घरमालक, असं ती सहा वर्षं धरून चालली होती.

एमान बाथरूमशी थांबली. आत जायला वीतभर उंच उंबरा होता. तिने विलासला बोलावलं. काठी आत टेकून, चौकट धरून, आजारी पाय हाताने उचलून त्याने तो उंबरा ओलांडला. सगळे उगाच दुसरीकडे पाहत होते. आत पोचल्यावर तो म्हणाला, "जमतं. सवय होईल."

"नहीं होगा," एमान शांतपणे म्हणाली, आणि तिने टॅबवर काहीतरी टिपलं.

तिची यादी आठ गोष्टींची झाली. भिंत, एसीची नळी, स्वयंपाकघरातलं तुंबणारं गटार, बाथरूमला उतार आणि धरायला दांडा, अशा. दहा दिवसांत हे झालं तर संस्था चेक देईल, नाहीतर हे घर नापास. जाताना तिने खैरुन्निसाचा हात हातात घेतला. "बुरा मत मानना, अम्मा. मैं सब को यही बोलती हूँ."

गाडीत हम्मादने हिशेब मांडला. "साडेपाच हजार दिरहम कमीत कमी. म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे रुपये. आणि ऐका, फहद म्हणून एक मुलगा आहे, आयटीवाला. काल बघून गेला. तो आहे तसं घर घ्यायला तयार आहे, भाडंही वाढवून देतोय. खलास, विषय संपला."

"त्याने कपाट ओढून बघितलं?"

"अम्मी."

"तू सांगितलंस त्याला?"

हम्मादने सिग्नलकडे नजर लावली. "कोण सांगतं असं?"

खैरुन्निसाला विलासची कणव आली होती, पण कणवेवर घर द्यायचं नाही हे ती एकदा शिकली होती. तिला दुसरंच खुपत होतं. फहद तरुण होता, उंबरा त्याने सहज ओलांडला असता. पण भिंत त्याच्यासाठीही तीच होती. दुरुस्ती कुणासाठी करायची, असा प्रश्नच नव्हता. ती सहा वर्षं करायचीच राहून गेली होती. आणि करायचीच, तर मग ज्यांना सव्वीस दिवसांतले आता वीसच उरले होते, त्यांना नाही कशाला म्हणायचं?

घरी आल्यावर तिने बुरखा काढला, पाणी घेतलं आणि हम्मादला समोर बसवलं.

"काम करून घे. पैसे माझ्या खात्यातून. आणि वर्षानंतर त्यांना जमलं नाही, तर सांगायला मी जाईन. तुला पाठवणार नाही."

"तुम्ही सांगू शकाल?"

"माहीत नाही," ती खरं तेच बोलली. "पण ती माझी गोष्ट."

हम्मादने फोन काढून प्लंबरला लावला. "यल्ला, चल, उद्या सकाळी येशील का?"

काम नवव्या दिवशी पुरं झालं. एमान परत आली, तिने भिंतीवर तळहात ठेवून पाहिला, उतारावरून विलासला दोनदा चालवलं, आणि सही केली. करार कुंदाच्या नावाने झाला. एजारीचा कागद हातात आला तेव्हा सरकारी कागद करून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या काउंटरवर कुंदाने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "चाची, ह्यात माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना? मला काही दिसतच नाहीये." खैरुन्निसाने चष्मा लावून एकेक अक्षर तपासून दिलं.

मुदत संपायला चार दिवस असताना विलासचा व्हिसा लागला.

वर्षभरानंतर संस्थेची मदत थांबली, ती थांबणारच होती. कुंदाने क्लिनिकमध्ये संध्याकाळची पाळीही घेतली. विलास घरी बसून एका किराणावाल्याच्या मालाच्या नोंदी लॅपटॉपवर डाव्या हाताने करू लागला होता. कुंदाने वर्षाचं भाडं चाराऐवजी सहा चेकमध्ये द्यायची मुभा मागितली. हम्माद म्हणाला, "घ्या." दुसऱ्या चेकच्या वेळी कुंदाचा फोन आला, आठ दिवस थांबाल का? त्या आठ दिवसांत खैरुन्निसाला नीट झोप लागली नाही. आपण चुकलो का, हे तिने स्वतःला विचारलं. हम्मादला काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी चेक वटला. खैरुन्निसाने बँकेचा मेसेज हम्मादला दाखवला तेव्हा तो जेवत होता. "मला माहीत होतं उशीर झालाय ते," तो म्हणाला. "मुद्दाम विचारलं नाही." आणि त्याने पापलेटाची ताटली तिच्याकडे सरकवली.