तेल प्यालेलं शटर

वहिनींनी कॅमेरा हातात दिला तेव्हा घड्याळजीने तो कानाशी नेला, खटका दाबला आणि कपाळावर हात मारला.

"दादाने तेल घातलं ना यात?"

"शिवणयंत्राचं. अर्धी कुपी."

थोरल्या भावाकडे हा एकच इलाज. दार कुरकुरलं, ओत तेल. बायको कुरकुरली तर तिच्यावरही ओतायला कमी करायचा नाही. शटरची पाती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, ती कोरडीच हवीत. तेलाने ती एकमेकांना चिकटून बसली होती. शटर सुटेना, म्हणून आतली फिल्म पुढेही सरकेना आणि मागेही. आणि त्या फिल्मवर वहिनींची चिमी होती. तापाने पोर गेली, त्याच्या थोडंच आधी काढलेले झोपाळ्यावरचे फोटो. तिचे शेवटचे.

"भाऊजी, मागचं झाकण तेवढं उघडू नका हं. उजेड लागला की सगळं पुसतं म्हणे."

"वहिनी, आता मला शिकवा!" तो म्हणाला.

त्याने घरीच खिडकीपाशी टेबल ओढलं. वहिनी बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. पुढचं भिंग काढून त्याने पाती पेट्रोलने पुसली, वाळवली, परत पुसली. मग सुईच्या टोकावर तेल घेऊन फक्त चाकांच्या आसांना लावलं. पुतणीवर त्याचाही फार जीव होता. तो श्वास रोखून काम करत होता.

भिंग बसवून, त्यावर तळहात झाकून त्याने खटका दाबला. खट्. पुन्हा खट्. एकदाचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच आनंदात, आजवर कॅमेऱ्याच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर करत आला तसंच, पाती पुरती उघडतात का ते बघायला त्याने कॅमेरा खिडकीकडे धरला आणि मागचं झाकण उघडलं.

उजेडाचा गोल दिसायला हवा होता. दिसली ती फिल्म.

त्याने झाकण लावलं, पण आता काय उपयोग? पोरीला आपण दुसऱ्यांदा मारलं, असं त्याला वाटलं.

"वाजलं ना हो? मी ऐकलं!" वहिनी दारात होत्या.

"वाजलं."

"मग एक माझाही काढा. तिच्याच रिळावर राहीन मी." केस सारखे करून त्या खिडकीपाशी बसल्या. सांगायला म्हणून त्याने तोंड उघडलं, तर त्या हसत होत्या. त्याने खटका दाबला.

"स्टुडिओत तुम्हीच नेऊन द्या, भाऊजी. माझे पाय नाही उचलायचे."

"देतो," तो म्हणाला.