अंगावर राहिलेली अक्षरं

मी एक गाडी बोलतेय. निळी, ठेंगणी, मागे दुहेरी दार असलेली. आज मला बघून कुणाला खरं वाटायचं नाही, पण माझ्या दोन्ही बाजूंना पूर्वी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: शववाहिका.

दचकलात ना? दचका. सगळेच दचकतात. पण पळू नका, मी अगदी गरीब स्वभावाची आहे.

जन्म माझा कारखान्यातला. पत्रे ठोकून, जोडून झाले की रंगाच्या खोलीत नेत. तिथे एवढा दरारा, की रंग ओला असेपर्यंत कुणी जवळ येऊन शिंकायचंसुद्धा नाही. गडद निळा रंग मिळाला मला. बाहेर आले तेव्हा वाटलं, आपण आता लग्नाच्या वऱ्हाडात मिरवणार. पण एका सेवा मंडळाने मला घेतलं. बाजूंना तो शब्द चिकटवला, मागच्या दारावर पणतीच्या ज्योतीसारखी धातूची खूण बसवली, आणि माझं काम मला समजलं.

खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं. पण माझा चालक फार मोठ्या मनाचा माणूस. रस्त्यात खड्डा दिसला की मागे मान वळवून म्हणायचा, "सांभाळा हं, जरा दणका बसेल." मागच्याला काय ऐकू येणार! तरी म्हणायचा. एकदा शेजारी बसलेल्या मुलाने विचारलं, "काका, कुणाला सांगताय?" तर म्हणाला, "तुझ्या वडिलांना. आयुष्यभर उभं राहून काम केलंय त्यांनी, आता तरी अंग दुखू नये." तो मुलगा तोवर रडला नव्हता, तेव्हा रडला. असा माणूस बघितला की पत्र्यालासुद्धा आपल्या कामाचा अभिमान वाटायला लागतो.

काम नसलं की मी उघड्या अंगणात उभी. डोक्यावर छप्पर नाही. उन्हाने माझा निळा रंग हळूहळू खाल्ला. अंगावर हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागायची. चालक म्हातारा झाला, मंडळाने नवी गाडी आणली, आणि मी कुंपणाला टेकून उभी राहिले.

तिथून मला ताईने आणलं.

ताई म्हणजे केस कापणारी. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून म्हातारेसुद्धा. कोपऱ्यावर तिचं दुकान होतं, पण ती इमारतच पाडली. दुसरी रडत बसली असती. हिने विचार केला, दुकानात येणारे येतीलच कुठेतरी, पण ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांचे केस कोण कापतं? त्यांच्याच दारात जायचं. त्यासाठी गाडी हवी. माझं मागचं दार रुंद, तळ सपाट. तिने मला बघितलं आणि पसंत केलं.

घरी सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं, सगळ्या जगात दुसरी गाडी नव्हती?"

"आई, दार बघा ना केवढं आहे. चाकाची खुर्ची सरळ आत जाते."

"जाणारच. काय काय सरळ गेलंय त्यातून."

ताई हसून हसून खाली बसली. मग उठली आणि कामाला लागली. तिच्याजवळ गाडीची हत्यारं कुठली असणार? केस वाळवायचं मशीन आणलं. गरम वारा माझ्या अक्षरांवर सोडला, डिंक मऊ झाला की नखाने कोपरा उचलायचा आणि हळूहळू ओढायचं. सासूबाई म्हणाल्या, "झालं की एक अंबाडाही घाल तिला." मागच्या दारावरची धातूची खूण काढायला भुवया कोरायचा दोरा. तो खुणेच्या मागे घालून ती दोन्ही हातांनी करवतीसारखा इकडून तिकडे ओढत होती. दोरा तुटायचा, ती दुहेरी करायची, तिहेरी करायची. शेवटी खूण टपकन हातात आली. उरलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसला, साबणाने मला न्हाऊ घातलं, आणि मागे सरकून बघितलं.

अक्षरं तिथेच होती.

पांढरी नव्हती आता. फिकट निळ्यावर गडद निळी. दारावर ज्योतसुद्धा तशीच. लांबून तर आधीपेक्षा ठळक. कागद गेला होता, शब्द राहिला होता.

"लांबून नाही कळणार कुणाला," ताई म्हणाली. सासूबाईंनी नकळत डोक्यावर पदर घेतला, मयत दारावरून जाताना घेतात तसा.

पहिलं काम एका टोपीवाल्या आजोबांचं. पाय गेलेले, पलंग खिडकीशी लावलेला. मी दारात थांबले आणि वरून आवाज आला, "सूनबाई! अगं आधी सांगायचं तरी! माझा चहा व्हायचाय अजून!"

सगळी गल्ली हसली. आजोबाही हसले. पण ताई वर गेली तेव्हा त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. "आज नको पोरी. परत कधीतरी ये." हे तिने मला नंतर सांगितलं. गाडी चालवताना ती माझ्याशी बोलते, म्हणून तर मला सगळं ठाऊक.

तिची खरी आशा होती वृद्धाश्रमावर. तिथलं काम मिळालं तर घर चालणार होतं, नाहीतर मला विकून टाकायची आणि कुणाच्या तरी दुकानात हाताखाली राहायचं. तिथल्या व्यवस्थापक बाई फाटकातच आल्या. बोलायला गोड, पण स्पष्ट.

"ताई, तुमचा हात चांगला आहे असं ऐकलंय. पण आमची माणसं दिवसभर व्हरांड्यात बसून फाटकाकडे बघत असतात. ही गाडी आत आली तर कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही. अक्षरं घालवा आणि सोमवारी या. नाहीतर मी दुसरं कुणी बघते."

घरी येऊन ताईने बाह्या वर केल्या. दात घासायची पेस्ट घेतली, फडका घेतला आणि अक्षरं घासायला लागली. एकेक काना, एकेक वेलांटी. दंड भरून आले, बोटांची सालं निघाली, पण बाई थांबली नाही. आणि काय सांगू, जितकं घासावं तितकी अक्षरं उजळायला लागली! आता तर ती चमकत होती. सासूबाई बघायला आल्या. "दात बाकी स्वच्छ झाले हो हिचे," म्हणाल्या, आणि तिच्या बोटांवर लोणी लावत बसल्या.

मला वाईट वाटत होतं. एक मन म्हणे, जाऊ दे गं ती अक्षरं, या बाईचे हात बघ. दुसरं मन म्हणे, त्या अक्षरांसाठी रस्ता थांबायचा, माणसं मान खाली घालायची, तो मान मी असाच सोडू?

दुसऱ्या दिवशी ताईने मला घरीच ठेवलं आणि पिशवी घेऊन चालत टोपीवाल्या आजोबांकडे गेली.

"गाडी कुठे लपवलीस?" आजोबांनी विचारलं.

"घरी झोपलीय."

"झोपू दे. झोपलेलीच बरी ती."

तिने त्यांची टोपी काढली आणि कात्री हातातच राहिली. आजोबांचं तोंड रापलेलं, तांबूस, सुरकुतलेलं. आणि टोपीच्या रेघेच्या वर कपाळ एकदम गोरं, बाळासारखं.

"काय बघतेस? आयुष्य उन्हात गेलं, टोपी उतरली नाही कधी."

"आजोबा, हे वरचं किती वेगळं दिसतं."

"वेगळं ते नव्हे. ते मूळचं. वेगळं झालंय ते खालचं."

ताई केस कापता कापता एकदम म्हणाली, "मी चुकीचं घासतेय." आजोबांना वाटलं, त्यांच्या डोक्याबद्दल बोलतेय. "अगं, हळू!" म्हणाले.

येताना तिने गाड्या रंगवणाऱ्याकडून पॉलिशचं मलम आणलं. या खेपेला अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि घासायला घेतलं बाकीचं सगळं. अक्षरांखाली ऊन पोचलंच नव्हतं, म्हणजे तिथला रंग माझा मूळचा. बिघडलेली होते ती मी, आजूबाजूची. फडका निळा झाला तशी ताई घाबरली. "आई, रंग निघतोय!" सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं. "रंग नाही, भुकटी निघतेय. खालून बघ काय येतंय." खालून माझा जुना गडद निळा येत होता. मीच विसरले होते तो.

मग सासूबाईंनीही पदर खोचला. सून डावी बाजू, सासू उजवी, मागचं दार दोघींचं. एकमेकींची उणीदुणी काढत घासत होत्या आणि एकमेकींना पाणी देत होत्या. पट्ट्या काढल्यावर ताई म्हणाली, "आई, तुम्ही बघा. मला तर अजून दिसतातच अक्षरं. डोळ्यांना सवय झालीय."

"मला वाचता कुठे येतं?"

"म्हणूनच."

सासूबाईंनी मला समोरून बघितलं, वाकून बघितलं, माझ्या पत्र्याशी गाल टेकवून तिरकं बघितलं. "समोरून काही नाही. तिरकं बघितलं तर पाण्यावर बोट फिरवल्यासारखं काहीतरी आहे. यापुढे घासू नकोस, पत्रा लागेल."

सोमवारी आम्ही आश्रमाच्या फाटकात. व्यवस्थापक बाईंनी मला समोरून निरखलं, मान हलवली. व्हरांड्यातले सगळे गोळा झाले. त्यात काठी टेकत एक आजीबाई आल्या, पाठीत इतक्या वाकलेल्या की त्यांना जग तिरकंच दिसायचं. माझ्या बाजूशी थांबल्या.

"इथे काय लिहिलं होतं गं?"

व्यवस्थापक बाईंनी ताईकडे बघून डोळे मोठे केले. काहीही सांगता आलं असतं. दूध, पाव, काहीही.

"शववाहिका लिहिलं होतं, आजी," ताई म्हणाली.

गोळा झालेली माणसं दोन पावलं मागे सरली. माझा तर श्वास अडकला, असता तर. आजीबाईंनी हात माझ्यावरून फिरवला.

"पुसलं कुणी? तूच?"

"मी आणि सासूबाईंनी."

"सासू-सून मिळून?" आजीबाई मागे वळून ओरडल्या, "अरे ऐकलंत का, सासू-सून मिळून केलंय म्हणे! मग या दोघींपुढे मरण काय टिकणार? लाव खुर्ची. पहिले माझे काप."

ताईला ते काम मिळालं. आजही आहे.

आता माझ्या दोन्ही बाजूंना नवी पिवळी अक्षरं आहेत: 'घरी येऊन केस कापू'. ऊन आपलं काम करतंय, मी पुन्हा फिकी पडतेय. पण त्या अक्षरांखाली ताईचं काम, तिचे दुखरे दंड मी जपून ठेवतेय. कधीतरी ताई थकेल, मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येईन. तुम्ही ही अक्षरं काढाल आणि खाली तेच शब्द गडद निळे दिसतील. चिडू नका. घासायचं तर घासाच, आता रीत तुम्हाला ठाऊक आहे. फक्त फडका हातात घेण्याआधी, बाबांनो, ते एकदा मोठ्याने वाचा.