निळ्या दोरीची गाठ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझं लांबलचक भिंग पाहून गावोगावची पोरं ‘तोफ आली, तोफ आली’ म्हणून ओरडायची. आता त्याच भिंगाला बुरशी धरली आहे. मी नौपाड्यातल्या एका कपाटात, स्वेटरांच्या मागे पडून असतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण मी जगलो ते योगिनीताईंच्या गळ्यात. त्या दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा बघायच्या आणि रविवारी शिकारी पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडायच्या. शिकरा, घार, गरुड, सगळे मी टिपले. दूरचं जवळ आणणं ही माझी विद्या. तिचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू!

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात, कल्याणच्या पुढच्या एका गावात काळुरामकाका नावाच्या शेतकऱ्यानं आम्हांला आपल्या बांधावरच्या करंजाच्या झाडावर कापशीचं घरटं दाखवलं. कापशी म्हणजे लाल डोळ्यांची, पांढुरकी, लहानशी घार. शेतातले उंदीर खाते म्हणून काकांची फार लाडकी. घरट्यात दोन पिल्लं होती, पण पानांनी भरलेली एक फांदी नेमकी आड येत होती.

“काका, ही जरा ओढून बांधता येईल का?” ताईंनी विचारलं.

“नको गो ताई. ती पोरांची छत्री हाय.”

“दहाच मिनिटं हो. लगेच सोडू ना!”

काकांना ताईंचं मन मोडवेना. त्यांनी निळ्या दोरीनं फांदी ओढली आणि कुंपणाच्या खांबाला गाठ मारली.

फोटो असा आला की ताईंनी जागच्या जागी टाळी वाजवली. काकांना बाळकुमला भाचीच्या हळदीला जायचं होतं, ते घाईनं निघाले. ताई गाठ सोडतील असं त्यांना वाटलं. काका ती सोडूनच गेले असतील असं ताईंना वाटलं. मी पिशवीत गेलो. माझ्या शेवटच्या फोटोत ती दोरी ताणलेली दिसत होती, पण मला डोळा दिलाय, तोंड दिलेलं नाही.

घरी ताई फोटो निवडायला बसल्या. कोपऱ्यातली निळी दोरी त्यांना खटकली. मला वाटलं, आता आठवेल! त्यांनी फोटोचा तेवढा कोपरा कापून टाकला आणि फोटो पक्षिमित्रांच्या ग्रुपवर पाठवला. कौतुकाचा नुसता पाऊस पडला. बाहेर ऊन चढत होतं आणि मी टेबलावर तळमळत होतो.

हळद, लग्न, पूजा उरकून काका चौथ्या दिवशी घरी परतायला निघाले. गाठ सोडली का, हे विचारणारा त्यांचा फोन वाटेतून येताच ताई दवाखाना तसाच टाकून धावल्या. दोघं एकदमच बांधावर पोचले, आणि ताईंनी मला डोळ्याला लावलं. भर उन्हात कापशी घरट्यावर पंख पसरून उभी होती. तिची चोच उघडी होती. खाली पिल्लं हलत नव्हती.

“बांधली तं मीच ना,” एवढंच काका बोलले. त्यांनी गाठ सोडली. फांदी सळसळत आपल्या जागी गेली.

त्या दिवशी ताईंनी बटण दाबलं नाही. पुन्हा कधीच दाबलं नाही.

मित्रांनो, माझी बुरशी पुसली नाहीत तरी चालेल. पण घरट्यापुढे फांदी आड आली, तर येऊ द्या. पानांतून दिसेल तेवढा अर्धामुर्धा फोटो घ्या आणि घरी जा. तसला एक फोटो मलाही घेता आला असता.